एक जीव फुकट

म्हातारा आजही आला, आणि कॅसेटवालीने गल्ल्याला कुलूप घातलं.

कॅसेटा जाऊन जमाना झाला होता. दुकानात आता व्हिडिओ गेमच्या जुन्या डिस्क विकल्या जात, पण बाईचं ‘कॅसेटवाली’ हे नाव काही सुटलं नव्हतं. तिचा नियम पाटीवर रंगवलेला होता: एक जीव फुकट. दुकानातल्या टीव्हीवर खेळून बघा, हिरो मेला की उठा, मग घ्यायचं तर घ्या.

"काका, कुठला लावू?" तिने मुद्दाम विचारलं.

"तोच. अस्वलाचा."

इथेच पाणी मुरत होतं. अस्वलाचा गेम कोणी दुसऱ्यांदा मागत नसे. कार्टूनमधलं ते पहारेकरी अस्वल पोराटोरांचं लाडकं. चोरांना गोष्टी सांगून सांगून झोपवायचं, कधी हात उचलायचं नाही. गेममध्ये तेच अस्वल तोंड मिटून नुसता दंडुका फिरवत होतं. चोर सगळे एका साच्यातले, घरं रिकामी, दारं भिंतीवर रंगवलेली. उत्साहाने नेलेली डिस्क लोक दिवस मावळायच्या आत परत आणून आपटायचे. टेबलाखाली चळत लागली होती.

आणि हा बाबा रोज तोच मागायचा. खेळायचा तर नाहीच. अस्वलाला एका स्वयंपाकघरात न्यायचं, भिंतीपुढे उभं करायचं आणि मोबाइल वर धरायचा. चोर येऊन अस्वलाला बडवायचे. ते मेलं की "बरंय, येतो" म्हणून हा चालू पडायचा.

दिराने पाठवलाय, दुसरं काय. तिच्या दिराने समोरच्याच रांगेत असलंच दुकान थाटलं होतं. टीव्हीचा फोटो घेतल्याचं दाखवायचं आणि मागच्या फडताळातला माल टिपायचा.

आज ती पाय न वाजवता त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. मोबाइल वर गेला तसं तिने मनगटच धरलं.

"काय देतो तो तुम्हाला?"

"कोण?"

"सोंग नको. माझा दीर."

"अहो ताई, तुमच्या दिराला मी कशाला ओळखू?"

"मग दाखवा मोबाइल."

त्याने दाखवला. फडताळ कुठेच नव्हतं. एकाच भिंतीचे हललेले, पुसट फोटो, आणि प्रत्येकाच्या कडेला मार खाणारं अस्वल.

"काय पुरलंय या भिंतीत?"

"भिंत आमची आहे," म्हातारा म्हणाला. "खुंटीवरचा कोट बघा. खिशावर रंगाचे डाग. मी रंगारी. कोट माझाच. आणि भिंतीवरच्या या मांजरी पोरीने काढल्या होत्या, लहान असताना. मी वर चुना मारला."

टीव्हीवर अस्वल कोसळलं. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"पोरगी आता असल्याच एका कंपनीत चित्रं काढते म्हणे. माझा फोन उचलत नाही."

"मग ही भिंत तिनेच काढली हे कशावरून?" संशय अजून जागचा हलला नव्हता.

"एका घरी रंगकाम करत होतो. तिथली पोरं हा गेम लावून शिव्या घालत होती. वळून बघतो तर आमचं स्वयंपाकघर. मांजरी जिथल्या तिथे. चुन्याच्या आधीच्या." त्याने पडद्याच्या उजव्या कडेला बोट नेलं. "ते दार दिसतं ना, ती आतली खोली. कामावरून आलो की मी तिथेच बसायचो. कोट खुंटीला आहे, म्हणजे मी घरात असणार. तिने मला काढलंय का, एवढंच बघायचंय. पण त्या चोरांना मारायला मला जमत नाही. दारापर्यंत पोचतच नाही."

कॅसेटवालीने पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"सरका जरा."

तिने गेमचा रिमोट हातात घेतला. तिच्या अंगठ्यांपुढे चोर पटापट आडवे झाले. अस्वल ओट्यावरून गेलं, कोटाखालून गेलं. म्हाताऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा चढवला आणि स्टूल पुढे ओढलं.

दार हाताच्या अंतरावर आलं आणि तिचे अंगठे थांबले. मागून एक मरतुकडा चोर आला. त्याच्या एका फटक्यात अस्वल आडवं झालं.

"हात घसरला," ती म्हणाली.

इतके दिवस ती ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होती, त्याच नजरेने आता तो तिच्याकडे बघत राहिला.

"मुद्दाम मेलात."

"गेमच भिकार आहे, काका." ती वर न बघता रिमोटची वायर गुंडाळू लागली. "दारं नुसती रंगवलेली आहेत यात. एकही उघडत नाही. गिऱ्हाईकं त्यावरूनच तर भांडतात."

म्हातारा उठला. पायरीपर्यंत गेला आणि मागे वळला.

"बिजागऱ्या काढल्यात तिने. नसतं उघडायचं, तर कोण काढत बसलं असतं?"

तो गेला. तिने टीव्ही बंद करायला हात पुढे केला. अस्वल पालथं पडलं होतं. त्याच्या डोक्याच्या वर त्या दाराच्या दोन बिजागऱ्या होत्या, खालची गंजलेली, तिचा एक खिळा वाकलेला. इतक्या वेळा लावलेला गेम, पण हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिने गुंडाळलेली वायर पुन्हा सोडली, स्टूल ओढलं आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. दंडुका उचललाच नाही. मार खात, मरत, उठत अस्वल एकेका दारापुढे जाऊन उभं राहिलं.

दुसऱ्या एकाही दाराला बिजागरी नव्हती.