भर दुपारची शिकार

“बसा हो जावईबापू, एवढ्या उन्हात कुठं निघालात?” म्हातारा कुम्सा मऊ आवाजात म्हणाला.

ताशेच्या अंगाचा तिळपापड झाला. कुम्सा हा त्याच्या बायकोचा, बाऊचा आजा. आज्यानं नातजावयांची टर उडवायची, ही कलहारीच्या वाळवंटातली रीतच. बाकीच्यांना म्हातारा सोलून काढायचा, ताशेशी मात्र गोड बोलायचा. ज्याच्या हातून काही मरत नाही त्याला कोण कशाला चिडवेल? अशा जावयाला एके दिवशी तितक्याच गोडीनं त्याच्या माणसांत परत पाठवून देतात.

“शिकारीला चाललोय,” ताशे म्हणाला.

त्याचा मेहुणा बो फिदीफिदी हसला. “आत्ता? अरे, शिकारीची वेळ पहाटेची, नाहीतर दिवस कलल्यावरची! आत्ता कुडूसारखं थोरलं हरीणसुद्धा सावली धरून बसलंय.”

“म्हणूनच. त्याला बसू द्यायचं नाही.”

बाऊनं शहामृगाच्या अंड्याच्या कवचात साठवलेलं पाणी त्याला पोटभर पाजलं. “पळ,” एवढंच म्हणाली.

पिळाच्या शिंगांचा कुडू बाभळीखालून उठला, उधळला, पुढच्या सावलीत थांबला. माग काढत ताशे तिथं पोचला. कुडू पुन्हा उधळला. अंग निववायला जनावराला उभं राहावं लागतं आणि ताशे त्याला उभं राहू देईना. वाळू तव्यासारखी तापली होती. ताशेची जीभ टाळूला चिकटली, मांड्या भरून आल्या, पण तो पळत राहिला. शेवटी कुडू उन्हातच थांबला, आणि ताशे भाला उचलून जवळ गेला तरी हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती ताशेच्या मागून मांस न्यायला आली. ताशेनं कुडूवर झाकण म्हणून टाकलेल्या काटेरी फांद्या बाजूला केल्या. केवढा थोरला नर! सगळे कुम्साकडे बघायला लागले. ताशे कान देऊन उभा राहिला. आता म्हातारा ‘छान हो जावईबापू’ म्हणाला, तर सगळं मुसळ केरात.

कुम्सानं काठीनं कुडूला ढोसलं.

“ए ताश्या! ह्या हाडांच्या मोळीसाठी माझी तंगडतोड केलीस होय रे? चरबीचा टिपूस तरी आहे का? त्यापेक्षा घरी कंद भाजत बसलो असतो!”

बाऊ तोंडावर हात धरून हसायला लागली.

“चुकलंच, आजा,” ताशे कसाबसा म्हणाला.

परतताना म्हातारा वाटभर त्याच्या नावानं शंख करत होता. खांद्यावर कुडूच्या मांडीचं ओझं होतं, तरी ताशे सगळं नीट ऐकू यावं म्हणून त्याच्या शेजारून, अगदी हळूहळू चालत होता.