घरचा नैवेद्य

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कोन गावच्या पंढरीची म्हातारी घोडी उठली नाही. तिला कुशिंगचा, म्हातारपणी हार्मोन बिघडवणारा, आजार होता. गोड खाल्लं की खूर सुजतील, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पंढरी गवतसुद्धा भिजवून, त्यातली साखर निथळवून घालायचा. ज्यांच्या वराती तिच्यावरून निघाल्या होत्या, ते दसऱ्याला तिला पूजायला आले होते. त्यांचा गूळ त्याने दारातूनच परत पाठवला होता. घरचा नैवेद्य मात्र बायकोने, कमळाने, गुपचूप आपल्या हाताने भरवला होता. “देवाचा निवद हाय,” ती आता म्हणाली. “एका पुरनपोलीन काय व्हतंय?” “रोग देवाला वलखतो का गो?” पंढरी ओरडला. डॉक्टरांनी येऊन खूर चाचपला. “तापलाय. आतलं हाड सरकलं असेल, तर काही करता येणार नाही.” ते बघायला एक्स-रेचं मशीन मुंबईहून निघालं, पण दुपारी तीनपर्यंत पोचलं नव्हतं. कमळा खुरांवर बर्फ धरून बसली. घोडी तिचा तळहात चाटत होती.