कोपऱ्यातला कापूस

अकोल्यात रऊफभाईंच्या दुकानात गादी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी कोपऱ्याची शिवण उसवून आतला कापूस पाहतं, मगच भावाचं बोलतं. सलग नापिकीनं गावाकडचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा लेक अरीबानं त्यांना फोनवर ऑनलाइन मार्केटिंग शिकवणारे एक गुरू दाखवले. रऊफभाईंनी इथंही आधी कोपरा उसवायचं ठरवलं. गुरूंच्या ऑफिसातून एका जुन्या शिष्याचा, तिवस्याच्या खुशालरावांचा, नंबर मागून घेतला आणि त्यांना सरळ विचारलं, "भाऊ, मानूस खरा आहे काय?"

खुशालराव जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डोये झाकून पैसे भरा."

विचार करून बोलणारा माणूस दिसतो, असं म्हणत रऊफभाईंनी अरीबाच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे फी म्हणून भरले.

सहा महिन्यांत ऑनलाइन एक गादी खपली नाही. फी परत मागितली, तर ऑफिसातून उत्तर आलं, "तीन नवे विद्यार्थी आणा, लगेच परत करू."

आज मूर्तिजापूरहून एका बाईंचा फोन आला. "भाऊ, तुमचा नंबर त्याइच्या ऑफिसातून भेटला. मानूस खरा आहे काय?"



रऊफभाई जरा वेळ गप्प राहिले.