गाठ शे का?

सुरतेला प्लेगची साथ आली तसा गिरधर यंत्रमाग सोडून एरंडोलजवळच्या गावी पळाला. गावाने वेशीवरच अडवून मळ्यातल्या खोपीत धाडलं. प्लेग म्हणजे काखेत गाठ, एवढंच सगळ्यांना ठाऊक. माय रोज बांधावर भाकरी ठेवायची, लांब सरकून ओरडायची, "गाठ शे का रे?" काख चाचपून तो सांगायचा, "नही शे, माय!" ती वळली की पुन्हा दाबून बघायचा. अन्न जाईना, झोप उडाली, बोटं काखेतून निघेनात. एका सकाळी काख खरंच सुजली. मायने हंबरडा फोडला. सरकारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "गाठ नाही, तापही नाही. दाबून दाबून तुम्हीच सुजवलीय. जा घरी." संध्याकाळी गिरधर घरात पाटावर बसला. चुलीपुढून मायने विचारलं, "भूक शे का रे?" हात आपसूक काखेत गेला. चाचपून तो म्हणाला, "नही शे, माय."