आत शून्य

"तुम्ही त्या फंक्शनचं नाव खोटं ठेवलं, साहेब. आणि ते खोटं आज या गेटवर हिरवं पेटून राहिलं."

नूपुर हे सगळ्यांसमोर बोलली. मौद्याकडच्या रस्त्यावर एका लोखंडाच्या कारखान्याचं गेट, दुपारचे बारा. तिच्या कंपनीचे मोठे साहेब नागपूरहून एसी गाडीतून आले होते. पाहुण्यांना देतात ते कोरं पांढरं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर होतं. बाजूला कारखान्याचा सुरक्षा अधिकारी विक्रम उभा. हातात पेन, पेनाखाली मंजुरीचा कागद. वर साहेबांच्या कंपनीने बसवलेली, हिरव्या अक्षरांत पेटणारी पाटी: आत शून्य माणसं.

पाच मिनिटांपूर्वी याच पाटीसाठी टाळ्या पडल्या होत्या. आगीचा सराव होता. भोंगा वाजला, माणसं बाहेर आली, आकडा उतरत उतरत शून्यावर आला. शून्य झालं की भट्टीच्या शेडची दारं लावतात आणि आत आग विझवणारा वायू सोडतात. त्या वायूत माणूस जगत नाही. आज सराव म्हणून दारं उघडीच होती.

त्या उघड्या दारातून प्रयागबाई नेवारे खांद्यावर खराटा टाकून चालत आली.

"कुठी गेले जी सारे? जेवाची सुट्टी झाली का?"

भट्टीमागे भोंगा ऐकू जात नाही. पाटी त्यासाठीच तर बसवली होती.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "शंभरात एखादी बाई घोटाळते," ते विक्रमला म्हणाले. "सही करा तुम्ही."

"बाईनं काही नाही केलं," नूपुर म्हणाली.

फंक्शन म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा. एकदा लिहायचा, नाव द्यायचं, मग लागेल तिथे त्या नावाने बोलवायचा. हा तुकडा साहेबांनी बारा वर्षांपूर्वी काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या गिऱ्हाइकांच्या यादीसाठी लिहिला. दोन नावं एकच आहेत का, एवढं सांगायचं त्याचं काम. पण तो नावाचे पहिले सोळा बाईटच वाचतो, आणि मराठीत तेवढ्यात जेमतेम पाच चिन्हं मावतात. आडनाव तर फार लांब राहिलं. व्यापाऱ्याकडे गिऱ्हाइकं दहा, दहांची नावं वेगळी. निभावलं. साहेबांनी त्या तुकड्याला नाव दिलं, 'एक्झॅक्ट मॅच'. तंतोतंत जुळणी! पाच चिन्हं वाचून!

मग तेच फंक्शन वसतिगृहाच्या हजेरीत गेलं, लग्नाच्या हॉलच्या यादीत गेलं, इथेही आलं. उघडून कोण बघतो? नावातच तंतोतंत लिहिलंय. शिवाय ऑफिसच्या भिंतीवर साहेबांची आज्ञा काच लावून टांगलेली: नवीन लिहू नका, आहे ते वापरा. नूपुरने उघडून पाहिलं होतं. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारं वेगळं फंक्शन तिने लिहून दिलं होतं. साहेबांनी ते काढून टाकलं आणि खाली शेरा मारला: असं आधीच आहे, हुशारी घरी ठेवा.

"सकाळी इथं दोन प्रयागबाई आत गेल्या," नूपुर म्हणाली. "शेंडे आणि नेवारे. शेंडेबाई बाहेर आल्या आणि पाटीनं दोघींनाही बाहेर काढून टाकलं. आज खरी आग असती तर?"

"नूपुर, त्रेचाळीस ठिकाणी चालतंय ते." साहेबांचा आवाज लाडाचा झाला. "कोड कळायला वय लागतं, बेटा."

"म्हणजे तुमचा भरोसा आहे त्याच्यावर?"

"शंभर टक्के."

"मग तुम्ही जा आत. तुमच्याच नावाचे एक जण राख उपसायला आहेत. तेही तुमच्यासोबत परत आत जातील. मग ते बाहेर येतील, तुम्ही भट्टीमागे थांबा. पाहू पाटी काय म्हणते."

विक्रमला गंमत वाटली. "होऊन जाऊ द्या साहेब. या वेळी शून्य झालं की दारंही लावतो. वायू नाही सोडत, घाबरू नका."

"लावा की," साहेब हसले. हेल्मेट दाबलं, गळ्यातलं कार्ड सरळ केलं आणि निघाले. चाल अशी की जणू उद्घाटनालाच चालले आहेत.

नूपुर आडवी आली. "कार्ड काढून द्या."

"काय?"

"कार्डवाल्यांना नंबर असतो. पाटी त्यांना नंबरानं मोजते. नावानं मोजते ती फक्त ठेकेदाराची माणसं." तिने गेटवरच्या टेबलावरून एक कोरी चिठ्ठी फाडली, तिच्यावर साहेबांचं नाव लिहिलं आणि पुढे धरली. "यांना रोज सकाळी हीच मिळते. तुम्ही पण हीच घेऊन जा."

साहेबांनी चिठ्ठी घेतली नाही. त्यांची मूठ कार्डावर आवळली होती. भट्टीकडून गरम वारा येत होता. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग त्या लोखंडी दाराकडे.

"कार्ड आहे ना माझ्याकडे," ते म्हणाले. "चिठ्ठीची काय गरज?"

विक्रमने पेनाला टोपण लावलं.

प्रयागबाई इतका वेळ ऐकत होती. बाईट, फंक्शन, त्यातलं तिला काही कळलं नव्हतं. साहेबांचे थांबलेले पाय मात्र तिला दिसत होते. ती सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आत्ता तं मोठे ऐटीत चालले होते जी. काहून थांबले?"

साहेब गाडीकडे बघू लागले.

"तिकडं नका पाहू, मायाकडं पाहा. सकाळी मी हेच चिठ्ठी घेऊन आत गेली, तवा तुमाले माहीत होतं का नाई? बोला."