एक मिलीमीटर जास्त

पाठीला भिंत लागली तेव्हाच सावळीराम थांबले. आरोहीने कॅमेरा डोळ्याला लावला की तिच्या वडिलांचे पाय आपोआप मागे निघत. मान ताठ, ओठ आवळलेले, डोळे वटारलेले.

"लग्नाच्या अल्बमातही असेच आहेत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "माझ्या गळ्यात हार पडला आणि हे मागच्या मामांच्या पायावर."

उद्या अंबडच्या कंपनीत सावळीरामांचा निरोप समारंभ होता. चौतीस वर्षं लेथ मशीन चालवलेला माणूस. युनियनच्या शेखरकाकांना फ्लेक्ससाठी त्यांचा फोटो हवा होता, आज पाचच्या आत. आणि घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. कंपनीच्या ग्रुप फोटोंत ते कायम शेवटच्या रांगेत, कुणाच्या तरी कानामागे. "नाहीतर गेटपासवरचा मोठा करून टाकू," असं शेखरकाका म्हणाले होते. गेटपासवर पप्पा फरारी आरोपी दिसत. चौकात तसा फ्लेक्स लागलेला आरोहीला बघवला नसता.

लेन्सच्या नादाला लागून तिला वर्ष झालं होतं. एकाच कॅमेऱ्याला वेगवेगळे डोळे लावायचे आणि तेच जग दर वेळी निराळं बघायचं, यात ती जेवण विसरे. सकाळपासून तिने दोन लेन्स लावून पाहिल्या. कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्समध्ये भिंत, कॅलेंडर, फ्रिज सगळं स्वच्छ येई, आणि पप्पा त्या सामानातलीच एक वस्तू. मग तिने मित्राची, रुद्रची, लांबचं टिपणारी लेन्स घेऊन समोरच्या गच्चीवरून चोरून फोटो काढायचं ठरवलं. नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यातल्या बगळ्यांना जे कळत नाही, ते पप्पांना कळलं. पेपर उचलून ते आत गेले.

राहिली तिसरी. भद्रकालीच्या जुन्या बाजारात सापडलेली, हातात जड लागणारी. ती आरोहीच्या कॅमेऱ्यावर बसत नव्हती, म्हणून मधली ॲल्युमिनियमची रिंग सावळीरामांनीच कालच्या शिफ्टनंतर लेथवर काढून आणली होती. आरोहीने रिंग चढवली, लेन्स बसवली आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवर रोखली. फोकस फिरवला. धूसर. अगदी टोकापर्यंत फिरवला, तरी धूसरच.

"पप्पा, हिला लांबचं दिसतच नाही!"

"लेन्स खराब असंल." सावळीराम भिंतीपासून सुटले.

"लेन्स चांगली आहे. रिंग जाड झाली, की लेन्स पुढे सरकते आणि असं होतं."

सावळीरामांनी ड्रॉवर ओढला. या घरात वेळेला कात्री सापडत नसे, पण माप घ्यायचं व्हर्निअर टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये हटकून असे. त्यांनी रिंग काढून मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली.

"एक मिलीमीटर जास्त हाय." ते व्हर्निअरकडे बघतच म्हणाले. "शेवटचा कट मारायचा म्हणून ठेवलं व्हतं. तेवढ्यात ऑफिसातून रिटायरमेंटचे कागद आले. सह्या केल्या अन् जॉब तसाच मशीनवरून उतरवला."

आपण उगाच बोललो, असं आरोहीला झालं. माप चुकलेला पण चालून जाईल असा जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, कंपनीत साहेबाच्या सहीने 'डेव्हिएशनमध्ये पास' करतात. सावळीरामांनी चौतीस वर्षांत स्वतःचा एकही जॉब तसा जाऊ दिला नव्हता. चुकला की भंगारात. आताही रिंग खिशात घालून ते गाडीची किल्ली शोधू लागले.

"आज कंपनीला सुट्टी आहे, पप्पा. आणि आधी बघू तरी, हिला किती लांबपर्यंत दिसतं ते."

मोजायचं म्हटल्यावर ते थांबले. रिंग परत चढली. सावळीराम भिंतीजवळ जाऊन उभे राहिले.

"दिसतंय?"

"ढग दिसतोय."

ते एक फरशी पुढे आले. "आता?"

"ढगाला मिशी आली."

"आता?"

आरोहीपासून चौथ्या फरशीवर ते आले आणि एकदम सगळं उमटलं. पापण्या, मिशीतले पांढरे केस, डाव्या डोळ्याखाली तापलेल्या लोखंडी किसाने पडलेला डाग. तो डाग आरोहीने इतक्या वर्षांत नीट पाहिलाच नव्हता.

"चार फरशा. दोन फुटांच्या हिशेबाने आठ फूट," सावळीराम म्हणाले. "अन् त्याच्या अलीकडं?"

"अलीकडचं सगळं दिसतं."

सात फूट. पाच. तीन. तिथूनच वाकून ते लेन्सच्या आत बघू लागले. "ही बारकी पाती कशी मिटती गं? फिरव बरं जरा." ओठ सुटले होते, एक भुवई वर गेली होती. समोर कॅमेरा आहे हे ते साफ विसरले होते.

आरोहीने बटण दाबलं.

तिने पडदा त्यांच्यापुढे धरला. भिंत, कॅलेंडर, फ्रिज सगळं मागे विरघळलं होतं. तेवढे पप्पा राहिले होते. आई हात पुसत आली, फोटोकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि काहीतरी उतू चाललंय म्हणत लगबगीने आत गेली. शेगडीवर काहीच नव्हतं.

सावळीराम फोटो जवळ धरून न्याहाळू लागले.

"पाठवू शेखरकाकांना?"

"पाठव. अन् ती रिंग दे. उद्या मशीनला लावून मिलीमीटर काढून आणतो. लांबचं बी दिसंल मग."

"मग तुम्ही परत भिंतीला जाल."

सावळीरामांनी भिंतीकडे पाहिलं. मग रिंगच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"असू दे तशीच," ते म्हणाले. "डेव्हिएशनमध्ये पास कर. सही माझी घे."