पळता न येणाऱ्यांसाठी

सहाला दहा कमी होते आणि मैदानावर वर्षाराणीशिवाय कुणीच नव्हतं. फाटकाला टेकून ती रस्त्याकडं बघत होती. आणखी थोडा वेळ थांबायचं, मग घरी जाऊन सासूबाईंचं बोलणं ऐकायचं, असं तिनं मनाशी ठरवलं.

कागद तिनं स्वतःच लिहिला होता. 'ज्यांना अजिबात पळता येत नाही अशा बायकांसाठी. सोमवारपासून, रोज सकाळी सहाला.' एक प्रत पिठाच्या गिरणीवर चिकटवली, दुसरी घरच्या किराणा दुकानावर. चार दिवसांत एकही फोन आला नाही. सासूबाईंनी, पार्वतम्मांनी, तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला.

"तुला तरी येतंय का पळायला?" त्यांनी विचारलं.

"शिकेन की अव्वा. एकटीला लाज वाटती. चारजणी असल्या की जमंल."

"कोण येणार हाय इथं? बायका कामंधामं सोडून पळून राहिल्यात होय," असं म्हणून पार्वतम्मा गिऱ्हाइकाची साखर जोखायला वळल्या.

वर्षाराणीचं माहेर हदगावचं. निलंग्यात तिला आपली म्हणावी अशी मैत्रीण नव्हती. त्यात गेल्या वर्षी ती दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत आली, आणि त्यानंतर अकरा महिने तिनं उंबरा ओलांडला नव्हता. जेवायला वाढलं तर जेवायची, नाहीतर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. मग एका दुपारी मोबाईलवर तिला साडी नेसून पळणारी एक पन्नाशीची बाई दिसली. तो तुकडा तिनं सात-आठ वेळा पाहिला. संध्याकाळी नवऱ्याकडं, शिवकुमारकडं, तिनं कागद आणि पेन मागितलं.

सहाला दोन मिनिटं असताना चार बायका फाटकातून आत आल्या.

पुढं होती ती बँकेत काम करणारी रुद्राणी. तिच्यामागं पापडाचा धंदा करणारी गुरम्मा आणि शाळेतल्या दोन शिक्षिका. शाळा सुटल्यापासून आपण पळालोच नाही, असं रुद्राणीनं आल्या आल्या सांगून टाकलं. गुरम्मा म्हणाली, मला तर जिना चढताना धाप लागती.

मोबाईलवर जे वाचलं होतं ते वर्षाराणीनं चौघींना सांगितलं: एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. घाई करायची नाही. शेजारणीशी बोलता येईल एवढ्याच वेगानं जायचं.

"श्वास नाकानं घ्यायचा का तोंडानं?" रुद्राणीनं विचारलं.

कुणीतरी आपल्याला काही विचारतंय, याचंच वर्षाराणीला किती अप्रूप वाटलं. तिनं सविस्तर समजावून सांगितलं.

त्या दिवशी तिचे स्वतःचे पाय चौथ्या मिनिटालाच भरून आले. पण ती थांबणार तेवढ्यात गुरम्माच कंबर धरून उभी राहिली, म्हणाली, पोटात कळ आली. सगळ्या थांबल्या. वर्षाराणीनं तिला पाठ ताठ ठेवायला सांगितलं आणि मनातल्या मनात तिचे आभार मानले.

असं रोज चाललं. एका मिनिटाची तीन झाली, तिनाची आठ. घरी आल्यावर वर्षाराणी कुणी किती प्रगती केली ते शिवकुमारला सांगत बसायची. पार्वतम्मा मात्र कुरकुरायच्या. भाकरी करपल्या, दूध उतू गेलं, सगळं त्या पळण्यामुळं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती उठलीच नाही. त्या दिवशी बाळाला वर्ष झालं असतं. साडेसहाला रुद्राणी दारात आली. पार्वतम्मांनी तिला आतली खोली दाखवली.

"तुम्ही न्हाई आलात तर आम्हाला कोण शिकवणार?" रुद्राणी उंबऱ्यातनं म्हणाली. "गुरम्मा तिथं चुकीचं पळून राहिली. गुडघा धरला म्हणजे?"

वर्षाराणी बराच वेळ तशीच पडून होती. मग उठली, तोंड धुतलं आणि गुरम्माचा गुडघा वाचवायला निघाली.

फेब्रुवारीत लातूरला पाच किलोमीटरची दौड होती. वर्षाराणीनं विषय काढताच चौघी घाबरल्या. एवढं आमच्यानं होणार न्हाई, म्हणाल्या. त्यांना तयार करायला तिला आठवडा लागला. मग पहाटेच्या एसटीनं पाचजणी निघाल्या. रेणापूरकडच्या, उदगीरकडच्या शेकडो बायका जमल्या होत्या. कुणी सलवारीत, कुणी नऊवारीत. ढोल वाजत होते. आपल्या बायकांना वर्षाराणीनं शेवटचं बजावलं, सुरुवातीला जोर लावू नका.

चौथ्या किलोमीटरला ती रडत होती, पण पाय थांबले नव्हते. चौघी तिच्या दोन्ही बाजूंनी पळत होत्या. शेवटची पांढरी रेघ तिनं ओलांडली तेव्हा ती हसत होती. भिंतीकडं तोंड करून पडून राहणारं ते शरीर हेच, यावर तिचा विश्वास बसेना. आणि ज्यांना जिना चढवत नव्हता त्या बायका आपण इथवर आणल्या. ती एकेकीला मिठी मारत सुटली.

पदकाच्या टेबलाशी आनंदराज नावाचे संयोजक बसले होते. रुद्राणीला बघून ते उठून उभे राहिले.

"ताई, यंदा पाचच किलोमीटर? गेली तीन वर्षं तुम्ही चौघी एकवीसला असता. तब्येती बऱ्या हायत ना?"

गुरम्मा खाली बघायला लागली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, शाळा सुटल्यापासून पळाले न्हाई," वर्षाराणी म्हणाली.

रुद्राणीनं तिचा हात धरला. चार वर्षं आम्ही बायपासला पळतो, तिनं सांगितलं. तुमचा कागद लागला त्याच संध्याकाळी पार्वतम्मा आमच्या एकेकीच्या दारात आल्या होत्या. चहालाही बसल्या न्हाईत.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माझी सून शिकवणार हाय. सोमवारपासून तुमच्यातल्या कुणालाच पळता येत न्हाई."